डब्याला धुराडं

झरीनने स्क्रू ओठांत धरला आणि सीपीयूच्या डब्याची बाजू दोन्ही हातांनी मागे ओढली. पत्रा निघाला तशी आतली ऊब तिच्या तोंडावर आली. तिने मान बाजूला केली, स्क्रू तळहातावर काढून घेतला आणि डोळे मिटून उभी राहिली.

“परत बंद पडला?” तिच्या आईने, सकिनाने, स्वैपाकघराच्या दारातून विचारलं. तिच्या हातात अर्धी सोललेली कैरी होती.

“परत. अर्ध्याच्या पुढे गेलं की मरतो मेला.”

सकिना जवळ आली आणि ओल्या हाताची पाठ तिने पत्र्याला लावली. लगेच काढली. “यावर डाळ शिजेल गो.”

“शिजव. तेवढं तरी होईल त्याच्यावर.”

दोन हजार चार सालचा मे महिना होता. खाडीकाठच्या राजिवड्यात घरोघरी मांडव होते, कारण आखातातली माणसं सुट्टीवर यायची ती याच महिन्यात. अरशदचा, म्हणजे सकिनाच्या नवऱ्याच्या भाच्याचा, बाजारात फोटो स्टुडिओ होता. लग्नांचं शूटिंग तो करायचा आणि मिक्सिंगसाठी, म्हणजे शूटिंग कापून-जोडून त्यावर गाणी घालण्यासाठी, कॅसेटी मुंबईला पाठवायचा. यंदा पहिल्यांदाच त्याने एक लग्न झरीनला दिलं होतं. तेसुद्धा महरीनचं, मागच्या आळीतल्या तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचं. नवरा तन्वीर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मुंबईच्या गाडीत बसणार होता आणि तिथून दोह्याला. महरीनचा व्हिसा कधी होईल ते कुणालाच माहीत नव्हतं. तोवर लग्नाची सीडी तरी बरोबर न्यायची, एवढाच त्याचा हट्ट होता.

आज गुरुवार होता.

सकाळीच अरशद मोटरसायकल उभी न करताच दारातून बोलून गेला होता. “मामी, तुमच्या लेकीचा सीपीयू आहे की भाकरीचा तवा? उद्या दुपारपर्यंत सीडी नाय मिळाली तर बाकीच्या लग्नांच्या कॅसेटी मी मुंबईला टाकतो. मग परत माझ्याकडे येऊ नका, हां.”

तो हसत बोलला होता, पण मोटरसायकलचा आवाज गल्लीबाहेर गेल्यावरही झरीन हसली नव्हती. मिक्सिंगचं काम जमलं तर एवढ्यात स्थळं बघायची नाहीत, असं तिने घरी कबूल करून घेतलं होतं. कबूल सकिनाने केलं होतं, आणि मनापासून केलं होतं. स्वतःच्या हाताला काम असलेली पोर कशी चालते, कशी बोलते, ते गेले काही महिने ती बघत होती.

सकिनाचा नवरा मजीद ओट्यावर बसला होता. सगळं आयुष्य त्याने जहाजाच्या इंजिनरूममध्ये फिटर म्हणून काढलं होतं. गेल्या पावसाळ्यानंतर तो कायमचा घरी आला, आणि आला तेव्हापासून त्याला धड झोप नव्हती. डॉक्टर झाले, हकीम झाला, उशाशी बडीशेप झाली. विचारलं की म्हणायचा, “दुखत काय नाय. नुसती झोप येत नाय.” सकिना पहाटे उठायची तेव्हा तो आधीच ओट्यावर बसलेला असायचा, बंदरावरून आलेल्या पाहुण्यासारखा, आत कुणी बोलावील याची वाट बघत असल्यासारखा. घरातल्या कुठल्याच कामाला त्याची गरज नव्हती. नळ गळत नव्हता, दार कुरकुरत नव्हतं. सगळं त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं होतं.

डबा पहिल्यांदा तापून बंद पडला तेव्हा मात्र तो ओट्यावरून उठला होता. डब्याचा पत्रा उघडून, कमरेवर हात ठेवून, त्याने आत बराच वेळ बघितलं होतं.

“हे इंजिन,” प्रोसेसरकडे बोट करत तो म्हणाला होता, “आणि ही इंजिनरूम. इंजिनला वारा पायजे. वारा कमी पडतोय.”

मग बापलेक दोघं बाजारात जाऊन पंखे घेऊन आले. हाताच्या पंजाएवढे, काळे, चौकोनी चार पंखे. दुकानदाराने जे दिले ते मजीदने घेतले नव्हते. प्रत्येक पंखा कानाशी धरून त्याने बोटाने टिचकी मारली होती. जो पंखा लगेच थांबेल तो परत, जो गुपचूप फिरत राहील तो आपला. दुकानातली गिऱ्हाइकं बघत राहिली होती. “कलिंगड घेताय की काय, चाचा?” असं दुकानदाराने विचारलंही होतं. त्यावर मजीद म्हणाला होता, “कलिंगड खराब निघालं तर एक दिवस जातो.”

घरी येऊन त्याने चारही पंखे स्वतः बसवले. एक पुढे खाली, एक मागे, दोन बाजूच्या पत्र्याला. चारही आत वारा फेकणारे. जहाजावर असेच असतात, तो म्हणाला होता. वरून मोठाले पंखे खाली इंजिनरूममध्ये हवा ढकलतात, ढकलतच राहतात, आणि इंजिन महिनोन्‌महिने चालतं.

आणि डबा तेव्हापासून आधीपेक्षा लवकर बंद पडत होता.

हे कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. झरीन अब्बाला म्हणाली नव्हती आणि मजीदही पुन्हा टेबलाजवळ आला नव्हता. दोन दिवस तो परत ओट्यावर होता. आज मात्र जेवताना त्याने ताटातला मासा निम्मा तसाच ठेवला, तेव्हा सकिनाने ते बघितलं.

दुपार सरली. झरीनने पत्रा पुन्हा लावला, डबा जरा निवू दिला आणि पुन्हा मिक्सिंग सुरू केलं. पंखे एकदम किरकिरले. चार पंखे, चार सूर, आणि त्यात पत्र्याची थरथर. पडद्यावर महरीनचा मेंदीचा हात पुढे यायचा, थांबायचा, पुन्हा पुढे यायचा.

संध्याकाळी मगरिबच्या आधी सकिनाने उददाणीत निखारे घातले. जुम्मेरातीला, म्हणजे दर गुरुवारी, घरातून लोबानचा धूर फिरवायचा, ही तिच्या सासूपासूनची रीत. निखाऱ्यांवर लोबानचे खडे पडले तसा दाट पांढरा धूर उठला. तिने तो आधी दारात फिरवला, मग पलंगाखाली, मग कपाटात, शिवणाच्या मशीनवर. खाऱ्या वाऱ्याने गंजू नये म्हणून त्या मशीनला ती वर्षानुवर्षं झबल्यासारखं कापड घालत आली होती. शेवटी ती टेबलापाशी आली.

“अम्मी, इथे नको! धूर आत गेला तर?”

“बरकतच जाईल की नाय आत? जाऊ दे.”

“बरकत नाय, काजळी जाईल.”

पण सकिनाने हात मागे घेतला नाही. ती धुराकडे बघत होती. लोबानचा धूर एरवी सरळ वर जातो, मग पसरतो. हा पुढच्या जाळीकडे वळला आणि आत शिरला. तिने उददाणी बाजूच्या पत्र्याजवळ नेली. धूर तिथेही आत. डब्याच्या मागे नेली. खालच्या पंख्याने तिथेही आत ओढला. मग डब्याच्या मागे अगदी वरच्या बाजूला, जिथे वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याचा मूळचा छोटा पंखा होता, तिथून तोच धूर पातळ होऊन बाहेर आला, कोपऱ्यावरून खाली वळला आणि त्याच्याच खालच्या पंख्यातून गुपचूप परत आत गेला.

सकिनाने पुन्हा एकदा उददाणी तिथे धरली. धूर पुन्हा तसाच गेला. बाहेर, खाली, आत.

“अहो,” तिने हाक मारली. “आत या जरा.”

“कशाला?”

“या तर खरं. मी सांगत्ये ना.”

मजीद आला. दाराच्या चौकटीला हात लावून उभा राहिला, टेबलापासून लांब.

“तुमच्या जहाजाला धुराडं होतं ना?”

“आता धुराडं नाय असं जहाज असतं काय गो?”

“मग त्या धुराड्याच्या तोंडाशी कुणी पंखा लावला होता काय? आत ओढणारा?”

मजीद हसायला गेला आणि थांबला. सकिनाने त्याच्याकडे न बघता उददाणी डब्याच्या मागे धरली. तो वाकला. धूर वरून निघाला, वळला, खालून आत गेला. तो अजून वाकला. गुडघ्यावर हात ठेवून, नाक धुराच्या रेषेपर्यंत नेऊन त्याने ते सगळं पुन्हा बघितलं. मग सरळ उभा राहिला आणि कपाळावर हात मारून घेतला.

“लावला असता तर चीफ इंजिनिअरने मला समुद्रात टाकला असता,” तो म्हणाला, आणि मोठ्याने हसला.

किती दिवसांनी हसला. झरीनने खुर्चीतून वळून त्याच्याकडे बघितलं.

“जहाजावर पंखे ढकलतात ते ठीक,” तो म्हणाला, “पण सगळी गरम हवा वरून धुराड्याच्या भोवतालून निघून जाते. पंख्यांनी काय, नुसता जोर द्यायचा. मी नुसते पंखे आणले. धुराडं आणायचं राहूनच गेलं.”

“धुराडं आहे, अब्बा,” झरीन म्हणाली. तिने तोवर मशीन बंद करून मागचा पंखा सोडवायला घेतलाही होता. “हाच उलटा लावला की झालं. बघा, कडेला बाण असतो. वारा कुठे जाणार त्याचा.”

“बाण आहे? मग मला सांगितलं का नाय?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही कानाशी धरून ऐकत होतात.”

“आणि हे बाजूचे दोन?”

“हे दोन्ही काढायचे. पुढून सरळ येणारा वारा हे मध्येच कापतात. पुढे एक आत, मागे एक बाहेर. बस.”

मजीदने दोन्ही पंखे हातात घेतले, त्यांच्याकडे बघितलं. एवढे टिचक्या मारून निवडलेले. ते त्याने टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. थोड्या वेळाने मागच्या पडवीत गेला आणि रबरी स्लीपरचा एक जुना जोड आणि सुरी घेऊन आला.

“आता ही चप्पल कशाला?” सकिनाने विचारलं.

“पत्रा नि पंखा एकमेकांना घासतायत. ऐकू येत नाय तुला? इंजिनखाली गादी लागते.”

त्याने चपलेच्या रबराचे बोटाच्या पेराएवढे तुकडे कापले, त्यांना भोकं पाडली आणि प्रत्येक स्क्रूखाली एक एक बसवला. बसवताना जीभ दातांत धरली होती. झरीन बॅटरीचा उजेड धरून होती. मगरिबची अजान झाली तेव्हा शेवटचा स्क्रू राहिला होता. तो आवळून मजीद उठला.

नमाज आटोपून तिघंही टेबलाजवळ जमली. झरीनने बटण दाबलं.

आधीची किरकिर नव्हती. पत्रा थरथरत नव्हता. एक खालचा, भरलेला, एकसारखा आवाज खोलीत पसरला, कुणी मोठं जनावर शांत झोपून श्वास घेतंय असा. सकिनाने विझत आलेली उददाणी पुढे धरली. धूर पुढच्या जाळीतून आत गेला. तिघांच्या माना मागे वळल्या. मागून तो जोरात बाहेर आला आणि सरळ, लांब, भिंतीपर्यंत गेला.

मजीदने मागे तळहात धरला. “निघाली,” तो म्हणाला. “गरम निघाली, बघ. सगळी निघाली.”

झरीनने मिक्सिंग लावलं आणि अंथरुणाला पाठ लागली तशी झोपली. सकिनाने पहाटे उठून बघितलं तेव्हा पडद्यावर महरीन आणि तन्वीर फुलांच्या माळांमागे बसले होते आणि खाली काम पूर्ण झाल्याची पट्टी होती. तिने डब्याला हाताची पाठ लावली. कोमट होता, अंग पुसलेल्या मुलासारखा.

शुक्रवारी जुम्म्याहून तन्वीर थेट आला, अत्तराचा वास घेऊन. सीडी त्याने दोन्ही हातांनी घेतली. झरीनने थोडी लावून दाखवली. महरीन मांडवात हसली तिथे तो एकदम म्हणाला, “बस, बस. बाकी तिकडे बघतो. इथे सगळी बघून संपवायची नाय.”

अरशद त्याच्यामागेच आला होता. सीडी चालताना बघून तो बाहेर गेला आणि मोटरसायकलच्या डिकीतून कॅसेटींनी भरलेली पिशवी काढून त्याने टेबलावर ठेवली.

“तवा थंड झाला वाटतं,” तो म्हणाला.

“तवा नाय, जहाज आहे,” झरीन म्हणाली. “आत्तेभाऊ असो नायतर कोणी, पुढच्या वेळी आधी विचारायचं, मग दारातून ओरडायचं.”

“बघा मामी, कशी बोलते!”

“बोलू दे,” सकिना म्हणाली. “काम करणारी बोलते.”

सगळे गेल्यावर नातेवाइकांसाठी सीडीच्या प्रती काढायचं काम उरलं. मजीद जेवून टेबलाशेजारी, जमिनीवर चटई टाकून बसला. आपलं इंजिन कसं चालतंय ते बघतो, म्हणाला. झरीन एक एक सीडी आत सरकवत होती. सकिनाने भांडी घासली, माशांची टोपली धुतली. पदराला हात पुसत ती बाहेर आली आणि दारातच थांबली.

मजीद घोरत होता. कुशीवर, गुडघे पोटाशी, एक हात टेबलाच्या पायाला लागलेला. तोंड उघडं. एवढा गाढ की गल्लीतून मासेवाली ओरडत गेली तरी पापणी हलली नाही.

झरीनने शेवटची सीडी काढली, तिच्यावर नाव लिहिलं आणि मशीन बंद केलं. पंखे हळू हळू थांबले. खोलीत एकदम शांत झालं. खाडीवरून येणारा वारा माडांत ऐकू आला.

मजीद ताडकन उठून बसला.

“काय झालं?” त्याने इकडे तिकडे बघितलं. “बंद का पडलं?”

“पडलं नाय, अब्बा. मी बंद केलं. झालं सगळं.”

“हां,” तो म्हणाला. “हां. बरं.” त्याने डोळे चोळले, जरा लाजल्यासारखा हसला, आणि चप्पल शोधत ओट्याकडे निघाला.

सकिना दारातून हलली नव्हती. ती बाजूला झाली नाही.

“झरीन,” ती म्हणाली. “चालू कर.”

“आता काय काम आहे, अम्मी? सगळं झालं की.”

“झालं नाय. तू चालू कर.”

झरीनने आईकडे बघितलं, मग चटईकडे. तिने वाकून बटण दाबलं. सकिनाने उशी आणून चटईच्या डोक्याशी ठेवली आणि ती हाताने झटकली.