बरणीत गेलं ते पीक

माझ्या मावशीने अकरा वर्षांत गाजराचं पान पाहिलेलं नव्हतं. गाजरं मात्र तिने, कमीत कमी धरली तरी, एक ट्रक भरेल इतकी बरण्यांत घातली होती.

यात तिचा दोष नव्हता. काका रेल्वेच्या वेळापत्रक विभागातून निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात त्यांना पालिकेचा मळा मिळाला. शहराच्या कडेला पालिकेने जमिनीचे चाळीस तुकडे पाडून रहिवाशांना भाड्याने दिले होते. प्रत्येक तुकड्यात पत्र्याची एक खोली, दोन तुकड्यांत मिळून एक नळ, आणि भाजी पिकवायची सक्ती. काका सकाळी आठला निघत आणि संध्याकाळी सहाला परतत, नोकरीत होते तसेच. येताना भाजी आणत, पण देठ छाटलेली, नळावर धुतलेली, जाडीप्रमाणे लावलेली. पाला तिथल्याच खताच्या खड्ड्यात जाई. घरात चिखल आणायचा नाही हे त्यांचं तत्त्व होतं. त्यामुळे मावशीच्या लेखी गाजर ही जन्मतःच बोडकी आणि आंघोळ घातलेली वस्तू होती.

पुढचं खातं मावशीचं. बीट व्हिनेगरमध्ये, घेवडा मिठाच्या पाण्यात, टोमॅटो शिजवून गाळून, फळांचा जॅम. उकळत्या पाण्यातून बरण्या काढायच्या, गरम असतानाच भरायच्या, झाकण आवळून पालथ्या घालायच्या, आणि निवल्या की चिठ्ठी चिकटवायची. बरण्या पलंगाखाली होत्या, कपाटावर होत्या, पुस्तकांच्या मागे होत्या. पाहुण्याला दोन बरण्या घेतल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नसे. नातेवाईक यायचं टाळत असं मी म्हणणार नाही, पण येताना पिशवी विसरून येत. आमच्याकडे सहा वर्षांपूर्वीची बीटं आहेत. यंदा त्यांना शाळेत घालायला हवं.

असा त्यांचा संसार सुखाने चालला होता, कारण दिवसाचे दहा तास दोघं एकमेकांना दिसत नव्हते.

मग काका मळ्यात शिडीवरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया नीट झाली. तीन महिने घर सोडायचं नाही असं सांगण्यात आलं, आणि ते कोणाला सांगितलं जातंय याचा विचार करण्यात आला नाही.

पहिला आठवडा ते झोपून होते. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं की पलंगावरून स्वयंपाकघर दिसतं. शेगडी ते मोरी मावशीच्या सकाळभरात एकोणचाळीस फेऱ्या होतात, त्या बावीसवर आणता येतील, असं त्यांनी मोजून काढलं. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून बरण्या सालवार लावून घेतल्या. मावशी त्या चवीप्रमाणे लावत असे. चौथ्या आठवड्यात मावशी चहा गाळत असताना आतून "सहा मिनिटं उशीर" असं ऐकू आलं. आवाजात राग नव्हता. नुसती घोषणा होती.

त्याच आठवड्यात उद्यान खात्याचं पत्र आलं. पाच आठवड्यांनी वार्षिक तपासणी. तीन चतुर्थांश जमीन लागवडीखाली नसेल तर मळा काढून घेऊन प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या अर्जदाराला देण्यात येईल. आजारपणाची सवलत नाही, मात्र घरच्या कोणी जमीन कसली तर चालेल.

मावशीने पत्र दोनदा वाचलं आणि मला फोन केला. मला वाटलं, काकांच्या अकरा वर्षांच्या कष्टांचं बोलेल.

"मळा गेला," ती म्हणाली, "तर हे कायमचे घरी."

मी गाडी काढली.

मळ्यात मावशी पहिल्यांदाच पाऊल टाकत होती. आधी तिने खोली उघडली. आत एक आरामखुर्ची होती, चहाची किटली होती, रेडिओ होता आणि शब्दकोडी सोडवलेल्या वर्तमानपत्रांची कमरेएवढी चळत होती. आरामखुर्चीचा एक पाय मोडून आडवा पडला होता. शिडी खिळ्याला टांगलेली होती, आणि तिच्यावरचं कोळ्याचं जाळं निदान वर्षाचं होतं. मावशीने खुर्चीकडे पाहिलं, शिडीकडे पाहिलं आणि मला खुर्चीचा पाय ठोकून द्यायला सांगितलं.

मग ती वाफ्यांकडे वळली. टोमॅटोंना हिरवी फळं धरली होती, म्हणून ते वाचले. उरलेल्या तीन चतुर्थांश जमिनीत काकांनी पडण्यापूर्वी गाजर आणि बीट पेरलं होतं, असं तिला घरून सांगण्यात आलं होतं. तिथे दोन प्रकार उगवले होते. एक बारीक, झिपरं, ओळीत कसंबसं उभं राहिलेलं. दुसरं रुंद पानांचं, तजेलदार, जागा मिळेल तिथे पसरलेलं. काकांनी अकरा वर्षं आपल्या पिकाचं जे वर्णन केलं होतं, ते दुसऱ्याला चपखल लागू पडत होतं. मावशीने पदर खोचला आणि झिपरं सगळं उपटून काढलं. ओळीत जागा रिकामी झाली, तेव्हा इकडेतिकडे वाढलेली तजेलदार रोपं मातीसकट उचलून तिने त्या ओळींत लावली, दोन रोपांत एक वीत अंतर ठेवून. मी मदत केली. मी इतिहास शिकवतो. मला चौदा लढायांच्या तारखा येतात.

कुंपणापलीकडच्या मळ्यात एक निवृत्त दंतवैद्य होते. दोन्ही हात कुंपणावर ठेवून ते हे सगळं पाहत होते.

"मुळासकट येतंय," ते म्हणाले. "हात चांगला आहे तुमचा."

मावशीला बरं वाटलं. प्रतीक्षा यादीत पहिलं नाव दंतवैद्यांच्या मुलीचं आहे, हे आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढचे चार आठवडे मावशी रोज आठला जाऊ लागली. पाणी घालायची, माती सैल करायची, झिपरं काही डोकं वर काढताना दिसलं की काढून टाकायची. दुपारी आरामखुर्चीत बसायची. पहिल्या आठवड्यात ती बाराला परत यायची. दुसऱ्या आठवड्यात तीनला, तिसऱ्यापासून साडेपाचला. खूप काम असतं, असं तिने काकांना सांगितलं. काकांनी मान डोलावली. त्यांना ते नाकारता येण्यासारखं नव्हतं.

रोज संध्याकाळी काका पलंगावरून अहवाल घेत.

"बीट केवढं झालं?"

"गुडघ्याएवढं."

बीट गुडघ्याएवढं होत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण स्वतःच्या खताबद्दल त्यांचं मत चांगलं होतं, आणि दोन मतांत भांडण झालं तर माणूस सोयीच्या मताला वर बसवतो. त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना फोन करून गुडघ्याएवढ्या बिटाची बातमी दिली.

तपासणीला पाच दिवस राहिले तेव्हा काका म्हणाले, "अगं, उद्या एक बीट उपटून आण. बघू तरी."

दुसऱ्या दिवशी मावशीने सगळ्यात धष्टपुष्ट रोप निवडलं आणि ओढलं. खाली बीट नव्हतं. पांढरी, दोऱ्यासारखी मुळं होती. तिने दुसरं ओढलं, तिसरं ओढलं. मग कुंपणापाशी जाऊन ते झाड तिने दंतवैद्यांसमोर धरलं.

"डॉक्टर, हे काय आहे?"

"तण आहे."

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," दंतवैद्य म्हणाले. ते खोटं बोलणारे नव्हते, फक्त विचारल्याशिवाय बोलणारे नव्हते. मुलीचं यादीतलं नावही त्यांनी तेव्हाच सांगितलं, विचारल्यावर. हे तण विषारी आहे का, असं मावशीने विचारलं. नाही, त्यांच्या आजीकडे कोवळा पाला उकडून खात, पण कौतुकाने नव्हे, असं ते म्हणाले.

मावशी खोलीत जाऊन आरामखुर्चीत बसली. मी म्हणालो, चार दिवसांत काहीच उगवणार नाही, पालिकेला पत्र लिहू. तिने मला रेडिओ लावायला सांगितलं.

घरी जाताना तिने बाजारातून एक बीट घेतलं, देठ छाटलं, सार्वजनिक नळावर धुतलं आणि काकांच्या हातात ठेवलं. काकांनी ते फिरवून फिरवून पाहिलं आणि संध्याकाळी उकडून खाल्लं. दुकानातल्या बिटाला ही चव नसते, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मावशीने तणाचा पाला खुडला, उकडला, आधी स्वतः खाल्ला. एक दिवस वाट पाहिली. मग मला खायला घातला. तिसऱ्या दिवशी आम्ही दोघंही शाबूत आहोत असं पाहून तिने मळ्यातल्या खोलीतच स्टोव्ह पेटवला, बरण्या उकळल्या आणि व्हिनेगर, मीठ, मिरी घालून नऊ बरण्या भरल्या. चिठ्ठीवर काय लिहायचं, यावर ती बराच वेळ अडली होती. शेवटी लिहिलं: "पालेभाजी."

मी म्हणालो, पण मावशी, तण ते तण.

"बरणीत गेलं ते पीक," ती म्हणाली. या विषयावर तिचा अधिकार मोठा होता, म्हणून मी वाद घातला नाही.

तपासणीच्या दिवशी निरीक्षक दहाला आले. ते जन्म-मृत्यू नोंदणीतून उद्यान खात्यात नुकतेच बदलून आले होते आणि हयात गोष्टींची त्यांना सवय नव्हती. त्यांनी टोमॅटोची नोंद केली. मग उरलेल्या तीन चतुर्थांशासमोर ते थांबले. सरळ ओळी, वीतभर अंतर, भिजलेली माती, एकही झिपरं पान नाही.

"हे काय?"

"पालेभाजी," मावशी म्हणाली आणि बरणी पुढे केली. निरीक्षकांनी चिठ्ठी वाचली. झाकण वाजवून पाहिलं. त्यांना काहीतरी खटकत होतं, पण नेमकं काय ते सांगता येत नव्हतं. त्यांनी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं आणि लागवडीची व्याख्या मोठ्याने वाचली: हेतूने लावलेली, ओळीत असलेली, नियमित निगा राखलेली, आणि घरगुती वापरासाठी असलेली वनस्पती. कोणती वनस्पती, ते लिहायचं व्याख्या करणारा विसरला होता. नियमाप्रमाणे शेजाऱ्याची साक्षही हवी होती. निरीक्षक कुंपणाकडे वळले.

"हे तण आहे का हो?"

दंतवैद्यांनी विचार केला. समोर मुलीचा मळा होता, आणि प्रश्न सरळ होता.

"महिन्यापूर्वी होतं," ते म्हणाले.

"आणि आता?"

"आता त्याला रोज दोनदा पाणी मिळतं, खालची माती हाताने सैल होते, आणि ऊन लागलं तर वर ओलं फडकं येतं. माझ्या मुळ्यांचे असे लाड मी केले नाहीत. याला तण म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

निरीक्षकांनी 'समाधानकारक' असा शेरा मारला. 'प्रत्यक्ष कसणारी व्यक्ती' हा रकाना होता, त्यात त्यांनी मावशीचं नाव लिहिलं, कारण समोर तीच उभी होती. दंतवैद्यांनी जाताना एक बरणी मागून घेतली. असं अकरा वर्षांत पहिल्यांदाच घडत होतं.

तीन आठवड्यांनी अहवालाची प्रत घरी आली. काका तोवर काठी घेऊन चालू लागले होते. मीही तिथे होतो. त्यांनी चष्मा लावला आणि एक-एक रकाना वाचत गेले. टोमॅटो, एक चतुर्थांश. पालेभाजी, मिश्र, तीन चतुर्थांश. गाजर, नाही. बीट, नाही. कसणाऱ्या व्यक्तीच्या शेवटच्या रकान्यावर ते सगळ्यात जास्त वेळ थांबले.

"मी खाल्लं ते?"

"बाजारातलं."

काकांनी कागदाची घडी घातली. मावशी घेवड्याच्या शेंगा मोडत होती, ती मोडतच राहिली.

"अहो, खुर्चीचा पाय दुरुस्त केलाय," ती म्हणाली. "आता मोडायचा नाही."

काका खिडकीबाहेर पाहू लागले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. मग ते म्हणाले की सोमवारपासून मी पुन्हा मळ्यावर जाईन, अर्ज करून नाव पूर्ववत करून घेता येईल. मावशीने शेंगांची टोपली खाली ठेवली. दोन महिन्यांपूर्वी हे ऐकायला तिने काहीही दिलं असतं, आणि मला वाटलं, आता ती सुटकेचा निःश्वास टाकेल.

"सोमवार ते बुधवार तुम्ही जा," ती म्हणाली. "गुरुवार ते शनिवार मी."

"आणि तू गेलीस की मी इथे काय करायचं?"

"मी जे करते ते. शेंगा असतात, बरण्या असतात. कोणी उशीर म्हणणार नाही."

काकांनी यावर विचार केला. ते हरकत घेणार हे मला दिसत होतं, पण हरकत कशाची, हे त्यांनाच सापडत नव्हतं. शेवटी एक सापडली.

"रविवारी दोघंही घरी. गर्दी होईल."

"होऊ दे," मावशी म्हणाली. "आठवड्यातून एक दिवस सोसू."

काकांनी काठी भिंतीला टेकवली, खुर्ची ओढून घेतली आणि टोपलीतली एक शेंग उचलली. ती कुठून मोडायची, हे त्यांनी तिला विचारलं.