कुलपातलं झेंडावंदन

घरावर झेंडा लावायची मुभा सगळ्यांना मिळाली ते हे २००२ साल. आमच्या कोथरूडच्या सोसायटीने ऑगस्टपर्यंत त्याची सक्ती करून टाकली. चेअरमन दीनानाथराव सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. पाण्याची वेळ कळवायची तरी आदेश काढत. आता फर्मान निघालं: पंधरा ऑगस्टला साडेसातला प्रत्येक घरातल्या सगळ्यांनी खाली हजर राहायचं. कार्यक्रम संपेपर्यंत फाटकाला कुलूप. जो भाडेकरू येणार नाही, त्याची जागा मालकाने महिनाअखेर रिकामी करून घ्यायची.

"भाडेकरूच का?" मी विचारलं.

"मालकांना घालवता येत नाही, वहिनी," ते म्हणाले. विनोद करत नव्हते.

रोख माझ्याकडेच होता. माझा मुलगा अभिनव न्यूजर्सीला असतो. त्याचा शेजारचा फ्लॅट मी नागपूरच्या आम्रपालीला दिलाय. ती एका अमेरिकन कंपनीचे फोन घेते. रात्री गाडी न्यायला येते, सकाळी आणून सोडते. आपल्या पंधरा ऑगस्टची अमेरिकेला कसली सुटी!

"दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे," मी तिला म्हटलं. "उभी राहा आणि मग झोप."

"रोज उभी राहीन, काकू. पण घर जाईल या भीतीने नाही." ती चहात बिस्किट बुडवत होती. "माझे बाबा दर सव्वीस जानेवारीला नवा शर्ट घालून घटनेचं पहिलं पान मोठ्यांदा वाचतात. आम्ही भावंडं खेळायला पळायचो, ते एकटेच वाचायचे. दाराला कडी नाही घातली कधी. आणि हे चक्क कुलूप लावतायत! सणाला कोणी कुलूप लावतं का?"

"आणि घर गेलं तर?"

"सामान काय, दोन बॅगा." पण बिस्किट चहात पडलं, ते तिने काढलंच नाही. हे घर मिळण्याआधी आडनाव विचारून किती दारं बंद झाली होती, ते तिने मला एकदाच सांगितलं होतं.

मी रात्रभर त्याच विचारात होते. राजकारण मला कळत नाही, व्रतं कळतात. हातावर पाणी घेऊन संकल्प आपला आपण सोडायचा असतो. श्रावणात मी सकाळचं मौन धरते. उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत एक शब्द नाही. सासूबाईंनी सुचवलं होतं, सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर बहुधा मी धरलं नसतं.

पंधरा ऑगस्टला दरवर्षीसारखं पांढरं पातळ नेसून खाली गेले. आम्रपाली आली नाही. झेंडा वर गेला. राष्ट्रगीत मी मनात म्हटलं. मग दीनानाथरावांनी माइक घेतला.

"एक भाडेकरू गैरहजर. मालकीणबाई समोरच आहेत. वहिनी, महिनाअखेर जागा रिकामी होतेय ना?"

मी मान हलवली. नाही.

"वहिनींचं मौन आहे, सर्वांना ठाऊक आहे. पण मान हलली. मंजूर!"

लोक हसले. टाळ्या पडल्या. त्यांनी वेळ बरोबर साधली होती. दुपारी मी काहीही बोलले असते, तरी ऐकायला खाली कोण थांबणार होतं?

संकल्प माझा होता, मोडायचाही मलाच होता. देवाची क्षमा मागितली नाही. बोलते आहे, एवढंच कळवलं. पुढे जाऊन माइक मागितला. त्यांनी दिला नाही.

"नाही!" सकाळपासून बंद असलेला घसा, आवाज फाटून आला. "मी नाही म्हणून मान हलवली, दीनानाथराव. ती मुलगी इथेच राहणार."

"देशापेक्षा भाडं मोठं का?"

"मी जेवत नाही तेव्हा तो माझा उपास असतो. तुम्ही ताट काढून घेतलंत, तर ती उपासमार. इतकी वर्षं मी इथे आपण होऊन येते. आज तुम्ही कुलूप घातलंत. आता आज मी आपण होऊन आले की कोंडले गेले, हे मी कसं ओळखू? माझं झेंडावंदन हिरावून घेतलंत तुम्ही."

"वहिनी, आवाज खाली!"

हे मला आयुष्यात कोणी कधी म्हणालं नव्हतं.

"बद्रीनाथ, फाटक उघड," मी म्हटलं.

वॉचमनने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली काढली. फाटक सताड उघडलं. बाहेर कोणीच गेलं नाही. सगळे झेंड्यासमोर होते तसेच उभे राहिले.

"कमिटीची बैठक लावतो," दीनानाथराव म्हणाले. "तुमच्यावरही कारवाई होईल."

"लावा. मी येईन, तिलाही आणीन."

जिना चढून वर आले, तर आम्रपाली दारातच उभी. डोळे झोपेने सुजलेले.

"काकू, खाली कोण ओरडत होतं एवढं?"

"मी," मी म्हटलं.