शनिवारचा घाणा

आमच्या ज्यू पूर्वजांना इथले लोक शनवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी आमचा घाणा बंद असे. आता घाणा नाही आणि रोह्याशेजारच्या अष्टमी गावात आमची घरंही मोजकीच उरलीत. पण शुक्रवारी दिवा लावला की मी कॉम्प्युटर बंद करते, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत उघडत नाही. माझ्यासोबत काम करणाऱ्या सुश्रुतला हे सहा वर्षं ठाऊक होतं.

'बोरू' नावाचा एक टेक्स्ट एडिटर आहे. फुकट मिळतो, आणि आपल्याला हव्या त्या आज्ञा लिहून त्यात जोडता येतात. त्या आज्ञांच्या भाषेचा संदर्भग्रंथ आम्ही दोघं सांभाळायचो. मी पूर्वी धाटावला एका कंपनीत मशीनची माहितीपुस्तकं लिहायचे. एका चुकीच्या वाक्यापायी माणसाची दोन बोटं गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून आमच्यात नियम माझा होता: एकाने नोंद लिहायची, दुसऱ्याने उदाहरण स्वतः चालवून बघायचं, मगच खाली 'तपासले' म्हणून नाव घालायचं.

सुश्रुत पेणचा, कॉलेजात शिकवतो. दर बुधवारी रोह्याच्या गाडीने यायचा, घरी सांगता येत नाही ते माशाचं कालवण माझ्याकडे ओरपायचा आणि कामाला बसायचा. शुक्रवारी संध्याकाळी न चुकता त्याचा मेसेज यायचा: 'शब्बाथ शालोम, ताई. निवांत राहा.' माझा मुलगा आरोन तिकडे इस्रायलला, अश्दोदहून इतकं करत नाही. मला त्या मेसेजचं फार कौतुक होतं.

यंदा 'बोरू'ची नवी आवृत्ती आली आणि दोनशेवर नोंदी बदलाव्या लागणार होत्या. निम्म्याही झाल्या नव्हत्या. सुश्रुतला घाई होती, एका परिषदेत त्याला नवा ग्रंथ दाखवायचा होता. मी म्हटलं, "परिषद थांबेल. नाय थांबली तर जाऊ दे."

मग एका सोमवारी महाडच्या वैशालीबाईंचं पत्र आलं. ओळी पुसण्याची आज्ञा त्यांनी आमच्या ग्रंथातून जशीच्या तशी उचलली होती. जुन्या आवृत्तीत ती फक्त निवडलेल्या ओळी पुसायची. नव्या आवृत्तीत काहीच निवडलं नसेल तर अख्खी फाइल पुसते. त्यांच्या स्वतःच्या कामाच्या तीन महिन्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या आणि वर फाइल सेव्हही झाली. 'खाली तुमचं नाव होतं म्हणून मी विश्वास ठेवला,' एवढंच शेवटी होतं.

मी ग्रंथ उघडला. उरलेल्या सगळ्या नोंदी भरलेल्या, आणि प्रत्येकीखाली माझं नाव, 'तपासले: सिपोरा'. मी त्यातली एकही पाहिली नव्हती. बदलांची यादी काढली. सगळ्या नोंदी शनिवारी सकाळी चढवल्या होत्या.

त्याला फोन केला.

"एआयकडून लिहून घेतल्या, ताई," तो म्हणाला. "चांगल्या होत्या. तुम्ही पण असंच लिहिलं असतंत."

"चालवून बघितल्यास?"

"वेळ नव्हता."

"मग माझं नाव का घातलंस? तुझं घालायचं होतंस."

"तुमच्या नावावर लोकांचा विश्वास हाय, ताई."

मी फोन ठेवला. राग आला असता तर बरं झालं असतं, शिव्या घालून मोकळी झाले असते. मला रडू आलं. वैशालीबाईंना लिहिलं की चूक आमची आहे, आणि त्या सगळ्या नोंदींखालचं माझं नाव एकेक करून खोडलं. मग मी खरंच तपासलेल्या नोंदींखालचंही खोडलं. आता खरं कुठलं, हे लोकांनी कसं ओळखायचं?

तो बुधवारी आला नाही. शुक्रवारी मात्र मेसेज आला, नेहमीच्याच वेळेला: 'शब्बाथ शालोम, ताई. निवांत राहा.'

मी कॉम्प्युटर बंद केला, दिवा लावला, डोळे झाकून प्रार्थना म्हटली. शब्द तोंडात होते आणि मनात एकच चाललं होतं, की आता तो काय करत असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. इतक्या वर्षांत शनिवारी माझा घाणा पहिल्यांदाच चालू राहिला.