आठ फुटांचे दोन मीटर

आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली असं मी कोणाला सांगितलं, की आमचे हे मध्येच विचारतात, वीसमधलं शून्य सार्थक आहे की नुसतं जागा भरायला ठेवलंय? समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघतो. मी चहा टाकायला आत जाते.

ह्यांना सगळी गल्ली मास्तर म्हणते. शाळेत विज्ञान शिकवतात. उत्तरापुढे एकक नसेल तर भोपळा, आणि मोजमापात होते त्याहून जास्त आकडे उत्तरात आले तर अर्धा गुण गेलाच. त्या जास्तीच्या आकड्यांना ते खोटे आकडे म्हणतात, आणि कुणीतरी त्यांची खोटी सही केल्यासारखा चेहरा करून म्हणतात. घरीही तेच. मी अर्ध्या तासात येते म्हटलं, तर दारातच अडवून विचारणार, अर्धा तास अधिक-उणे किती मिनिटं? खालच्या मजल्यावर वन्सं राहतात, ह्यांची थोरली बहीण. त्या एकदा वैतागून म्हणाल्या, लहानपणी ह्याला मोजून दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. त्यावर मास्तर म्हणाले, मोजून दिलेल्या दोन नेमक्या दोनच असतात, तिथे सार्थक अंकांचा प्रश्नच येत नाही.

मी शिवणकाम करते. अठरा वर्षं लोकांच्या पँटी आखूड केल्या, चेनी बदलल्या, उसवलेलं शिवलं. स्वतःचं म्हणावं असं काम एकही नाही. मग यंदा वाचनालयाच्या नव्या दालनाचे बारा पडदे माझ्याकडे आले. ग्रंथपाल बाई मोजकं बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, हे नीट झाले तर इमारतीतल्या उरलेल्या चाळीस खिडक्या तुमच्या, नाही झाले तर तयार पडदे मागवीन. घरी येईपर्यंत मनातल्या मनात मी चाळीसही शिवून टाकले होते.

दालनात रंगकाम चालू होतं, आत सोडत नव्हते. तिथल्या शिपायाने फोनवर सांगितलं, खिडकी आठ फूट उंच, बाराही सारख्या. रुंदी कापडाच्या पन्ह्यात बसत होती, प्रश्न फक्त उंचीचा. एरवी मी टेप घेऊन इंचांत मोजलं असतं आणि मोकळी झाले असते. पण दुकानात कापड मीटरने मिळतं, हे शब्द माझ्या तोंडून बाहेर पडले आणि मास्तरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. रूपांतर माझ्याकडे दे, म्हणाले. वीस वर्षांत माझ्या शिवणात त्यांनी पहिल्यांदा लक्ष घातलं होतं. मी विरघळले. गाढवपणा झाला तो इथे.

त्यांनी नवा कागद घेतला, समास आखला. आठ फूट गुणिले शून्य पूर्णांक तीन शून्य चार आठ, बरोबर दोन पूर्णांक चार तीन आठ चार मीटर. इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता. मास्तर थांबले नाहीत. शिपाई आठ म्हणाला, आठ पूर्णांक शून्य म्हणाला नाही, म्हणजे सार्थक अंक, भरवसा ठेवावा असा आकडा, एकच. एका अंकाच्या माहितीतून पाच अंकांचं उत्तर काढणं ही लबाडी. चार, तीन, आठ, चार ह्या चौघांना त्यांनी खोडून बाहेर काढलं आणि खाली चौकटीत लिहिलं, दोन मीटर. एककासकट.

त्या चिठ्ठीवर मी कापड आणलं. दुमडीचं वेगळं धरलं, ते मला कुणी शिकवायला नको. पहिला पडदा शिवून आमच्या दारावर धरला तेव्हा मनात पाल चुकचुकली. मी म्हटलं, हा मला आखूड वाटतोय. मास्तर म्हणाले, डोळा हे उपकरण नाही. कागदावर चौकट होती, समास होता, माझ्याकडे नुसता डोळा होता. मी उरलेले अकरा शिवले.

उद्घाटनाला तीन दिवस होते तेव्हा आम्ही पडदे लावायला गेलो. मास्तर आपलं रूपांतर बघायला हौसेने आले होते, वन्सं माझ्या मदतीला. शिपायाने शिडीवर चढून पहिला पडदा दांडीत ओवला आणि सोडला. पडदा खाली आला आणि खिडकीच्या मध्येच थांबला. त्याच्याखाली हातभर काच उघडी राहिली. काचेपलीकडे एक कुत्रं उभं होतं, ते आत बघू लागलं. बाकीचे अकरा लावून बघण्यात अर्थ नव्हता, तरी शिपायाने लावले. बारा पडदे गुडघ्यापर्यंत पँट दुमडून उभे राहिल्यासारखे दिसत होते.

चाळीस खिडक्या डोळ्यांदेखत चालल्या होत्या. मास्तर चष्मा पुसून खिडकीकडे बघत होते.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "एका सार्थक अंकाने दोन मीटर म्हणजे दीड ते अडीचच्या मधलं काहीही. खिडकी मर्यादेत आहे."

वन्संनी हातातली पिशवी खाली ठेवली. हात रिकामे करण्यामागचा त्यांचा हेतू माझ्या लक्षात आला, म्हणून मी मध्ये उभी राहिले. मास्तरांचा राग आलाच, पण स्वतःचा जास्त आला. अठरा वर्षं ज्या डोळ्यावर पोट भरलं, त्याला मी एका चौकटीपुढे गप्प बसवलं होतं.

टेप काढली, शिडीवर चढले, बाराही खिडक्या स्वतः मोजल्या. दुकानात त्या रंगाचं कापड संपलं होतं, म्हणून गडद घेतलं आणि प्रत्येक पडद्याला खाली जोड दिला. दोन दिवस मशीन थांबलं नाही. मास्तर शाळेतून आले की मुकाट्याने खालच्या दुमडी उसवत बसायचे. एकदा जोडाच्या लांबीबद्दल त्यांनी तोंड उघडलं. वन्संनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं, ते मिटलं.

उद्घाटनाच्या सकाळी ग्रंथपाल बाई एकेक पडदा हातात धरून बघत गेल्या. शेवटच्या पडद्यापाशी थांबून त्यांनी विचारलं, हा जोड आधीपासून ठरला होता का? हो म्हणणं सोपं होतं. दिसतही चांगलं होतं. माझ्या जिभेवर हो आलंही, पण ते बाहेर पडण्याआधी मास्तर पुढे झाले.

"नव्हता ठरला. कापड माझ्या आकड्यावर कापलं गेलं. ती म्हणाली होती आखूड आहे, मी ऐकलं नाही."

बाईंनी विचारलं, मग हिशोब चुकला होता का?

मास्तर चष्मा पुसू लागले. मला वाटलं, आता मर्यादा येणार.

"हिशोब नाही चुकला," ते म्हणाले. "आपल्याला नीट माहीत नाही एवढं मी अगदी बिनचूक सांगितलं. पण माहीत करून घ्यायला खुर्चीतून उठलो नाही."

त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला. बाईंनी पडदा सोडला, हात झटकले आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, चाळीस खिडक्या मोजायला सोमवारी या, फोनवर आकडे मागू नका.

सोमवारी आम्ही दोघं गेलो. मी शिडीवर, मास्तर खाली वही घेऊन स्टुलावर. पहिल्या खिडकीचं माप मी सांगितलं, दोनशे तेहतीस पूर्णांक चार सेंटीमीटर. खालून लगेच प्रश्न आला, शेवटचा चार नक्की दिसतोय की अंदाजे म्हणतेस?

मी शिडीवरून उतरले, टेप त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, वर जाऊन बघा.

मास्तरांनी शिडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग वही स्टुलावर ठेवली आणि चढले. त्या दिवशी चाळीस वेळा चढले.