बाकडी नेली त्या हिवाळ्यात

"बाकडी न्यायची तर न्या म्हणावं, पण या कुंडीची कड तरी जरा रुंद करायची. धड टेकताही येत नाही मेलीवर," मॉलमधल्या मोठ्या कुंडीवर टेकलेली लव्हॉन माझ्या मागे स्वतःशीच पुटपुटली. मी वळून पाहिलं तशी लगबगीनं उठली आणि बुटाची नाडी बांधायला वाकली. नाडी बांधलेलीच होती.

आमच्या मिनेसोटात हिवाळ्यात रस्त्यावर घसरून माकडहाड मोडून घेण्यापेक्षा म्हातारी माणसं मॉलमध्ये चालतात. दुकानं उघडायच्या आधीच मॉलवाले दारं उघडून देतात. मग जाडजूड कोट काखेत मारून ही मंडळी बंद दुकानांसमोरून फेऱ्या घालत राहतात. लव्हॉन शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, एल्रॉय बँकेतून. माझे बाबा, ऑर्व्हिल, यांनी जन्मभर रस्त्यावरचा बर्फ काढायचा ट्रक चालवला. मी त्यांच्याबरोबर चालते, कारण एकटं सोडलं तर कॉफी पिऊन 'झालं चालून' म्हणत घरी येतील.

बाबांच्या पायांतल्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या आहेत. थोडं चाललं की पोटरीत गोळा येतो, थांबलं की हळूहळू जातो. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, "दुखेपर्यंत चाला, बसा, दुखणं गेलं की उठून पुन्हा चाला. असं नेमानं केलंत तर पाय सुधारेल. घरात बसून राहिलात तर एक दिवस पाय ठेवायचा की नाही, हे आपल्याला ठरवावं लागेल."

"तसं फार काही नाही दुखत," बाबा म्हणाले.

बाईंनी त्यांचा मोजा उतरवला, पावलावरची नाडी बोटांनी बराच वेळ शोधली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेनंतर मला एका जागी बसवत नाही.

सुरुवातीला बरं चाललं होतं. दारापासून बुटांच्या दुकानासमोरचं बाकडं, तिथून कारंज्याजवळचं, तिथून पुढचं. मधलं एखादं बाकडं बाबा ऐटीत टाळूही लागले होते. नाताळच्या तोंडावर मॉलचा मॅनेजर डॅरिल प्रत्येकाला गाठून अदबीनं विचारत फिरला. मोबाइलच्या कव्हरांचे स्टॉल लावायचेत, बाकडी हलवली तर तुमची अडचण नाही ना होणार?

आता आमच्याकडची माणसं अशी, की थंडीनं एक बोट गेलं तरी म्हणतील, नऊ आहेत अजून.

"छे, आम्ही काय बसायला येतो का?" लव्हॉन म्हणाली.

"उलट मोकळं होईल," एल्रॉय म्हणाला.

"माझं काय, मी चालतच असतो," बाबा म्हणाले.

सोमवारी जाऊन पाहतो तर बाकडी गायब.

तेव्हापासून बाबा दुकानांच्या काचांसमोर थांबू लागले. पोटरी नेमकी बायकांच्या अंतर्वस्त्रांच्या दुकानापाशी धरायची. एल्रॉय फेरी मारून यायचा तेव्हा बाबा तिथंच, काचेला नाक लावून.

"काय ऑर्व्हिल, मापं पाठ झाली का?"

"तुझ्या बायकोसाठी बघतोय. तुला कुठं काय कळतंय."

सगळे हसायचे, बाबाही हसायचे आणि दुखणं जायच्या आधीच ओशाळून पुढे निघायचे. त्यामुळे पाय आणखी लवकर धरायचा. बाकड्यावर बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. काचेसमोर उभ्या म्हाताऱ्याला सगळे विचारतात.

मग एके सकाळी म्हणाले, "आज नको, गाडीचं तेल बदलायचंय." दुसऱ्या दिवशी छपरावरचा बर्फ आठवला. तिसऱ्या दिवशी नुसतेच टीव्हीसमोर बसले. मी पुसलेला ओटा पुन्हा पुसला, खिडकीशी गेले, परत आले, डबे इकडचे तिकडे केले.

"काय गं मारिट, मांजरासारख्या घिरट्या घालतेस?"

"तुम्ही चालत नाही, म्हणून मी चालतेय."

त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

"डॅरिलशी बोला बाबा."

"काय बोलू? मीच हो म्हटलंय त्याला."

शेवटी मी लव्हॉनला फोन लावला. "माझाही गुडघा हल्ली..." ती म्हणाली, आणि लगेच, "नाही, तसं काही नाही." पण सकाळी लिंबाच्या वड्यांचा डबा घेऊन ती हजर होती. एल्रॉयही आला. दोघं दारातच उभे म्हटल्यावर बाबांना नाही म्हणवेना. गाडीत बाबांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं की तिथं मी तोंड उघडणार नाही.

डॅरिल शाळेत माझ्या वर्गातला. त्याच्या केबिनमध्ये दोनच खुर्च्या होत्या.

"तू बस लव्हॉन."

"छे, ऑर्व्हिल बसू दे."

"एल्रॉय, तू बस."

"मी आत्ताच बसून आलोय."

सगळे उभेच राहिले. बाबा भार या पायावरून त्या पायावर टाकत होते. सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याची चर्चा झाली. डॅरिलच्या आईच्या खुब्याची झाली. डॅरिलनं एक वडी खाल्ली, दुसरी घेतली.

"मॉल जरा ओकाबोका दिसतोय, नाही?" लव्हॉन चाचपडत म्हणाली.

"मलाही तेच वाटत होतं," डॅरिल खुलला. "झाडं मागवलीत. खरीखुरी."

"झाडं बरी," एल्रॉय म्हणाला.

"आणखी काही अडचण?"

"नाही, नाही. सगळं छान आहे."

लव्हॉननं डब्याला झाकण लावलं. एल्रॉयचा हात दाराच्या मुठीवर गेला. माझ्या ओठांवर आलेलं मी गिळलं. कारण बाबा माझ्याकडेच बघत होते, आणि मी शब्द दिला होता. हात मिळवायला डॅरिल टेबलाला वळसा घालून पुढे आला. बाबांनी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती, ती सोडली नाही.

"डॅरिल," ते म्हणाले, "तू विचारलंस तेव्हा मी खोटं सांगितलं. माझ्या पायांना रक्त पुरत नाही. बुटांच्या दुकानापासून कारंज्यापर्यंत मला एका दमात जाता येत नाही. बसायला मिळालं नाही, तर मी यायचा नाही. आणि आलो नाही, तर हा पाय कापतील. मला भीती वाटते रे."