नातवाचं नाव डेरिक

फ्रेडरिकने अठ्ठावीस वर्षं मुंबईच्या गोदीत डेरिक चालवला. जहाजावरचा उंच खांब, त्याची लांब भुजा आणि दोरखंड. कितीही जड माल असो, उचलून धक्क्यावर ठेवायचा. त्याच्याच जिवावर वसईजवळच्या गिरीज गावात घर उभं राहिलं, केळीची वाडी टिकली, मुलगा युजीन शिकला. म्हणून सत्त्याण्णव साली युजीनला मुलगा झाला तेव्हा म्हाताऱ्याने हट्टच धरला, पोराचं नाव डेरिक. साहेबलोकांत असतं हे नाव, मग आमच्यात का नको?

सून सालोमी शाळेत इंग्रजी शिकवायची. तिलाही नाव आवडलं. रविवारी बाप्तिस्मा ठरला. शुक्रवारी संध्याकाळी तिने हौसेने शाळेतला जाडजूड शब्दकोश आणला, सासऱ्याला त्याच्या शब्दाची कुळकथा वाचून दाखवायला. वाचता वाचता ती मध्येच थांबली.

"वाच की, बाय."

"काही विशेष नाही, बाबा."

"विशेष नाही तर चेहरा का पडला? वाच."

तिने वाचलं. चारशे वर्षांपूर्वी लंडनला डेरिक नावाचा एक फाशी देणारा होता. त्याच्यावरून आधी फाशीच्या खांबाला डेरिक म्हणू लागले आणि पुढे तसंच दिसणाऱ्या, ओझं उचलणाऱ्या यंत्राला.

फ्रेडरिकने शब्दकोश मिटून बाजूला ठेवला. जन्मभर अभिमानाने सांगितलेला शब्द, आणि निघाला जल्लादाचा. फार वाईट वाटलं त्याला. "पीटर ठेवा," तो शेवटी म्हणाला, "माझ्या हट्टापायी पोराला असलं नाव नको." आणि केळीला पाणी सोडायला वाडीत निघून गेला.

सालोमी मागोमाग गेली. "बाबा, तुमच्या डेरिकखाली किती माणसं जिवानिशी गेली?"

म्हातारा चिडलाच. "एकही नाही. माल हातभर वर घ्यायचा आणि थांबायचं. खालचा शेवटचा माणूस बाजूला होऊन हात वर करीपर्यंत मी पुढे हलायचो नाही. वेळ जातो म्हणून मुकादम शिव्या घालायचा, साहेबाने दोनदा बढती अडवली. अडवली तर अडवली. माझ्या डेरिकखाली माल लावणारा आगाशीचा श्रीपत अजून हिंडतोय ना दोन पायांवर? त्याला विचार जा."

रविवारी देवळात फादरनी विचारलं, "बाळाला कोणतं नाव देता?" युजीन ठरल्याप्रमाणे पीटर म्हणणार, तेवढ्यात सालोमी म्हणाली, "डेरिक."

फ्रेडरिकने चमकून तिच्याकडे पाहिलं.

"त्या लंडनवाल्याचं नाही, बाबा," ती हळूच म्हणाली. "तुमच्यावरून ठेवलंय."