चादरींच्या खोलीतलं यंत्र

"हा कोण बुवा जास्तीचा?" धाकटी स्क्रीनकडे बघत पुटपुटली.

इस्पितळाच्या संगणक खोलीत दुपार कायम एकसारखीच असायची. बाहेर ऊन असो की ढग, आत तोच गारवा आणि पंख्यांची तीच घरघर. ऐकता ऐकता आपण पाण्याखाली बसलो आहोत असं वाटावं. नोकरीला लागली तेव्हा ती विभागात सगळ्यांत लहान. विभागप्रमुखांनी, म्हणजे सगळ्यांच्या मास्तरांनी, तिला धाकटी म्हणायला सुरुवात केली. आता पन्नाशी उलटली, मास्तर निवृत्त झाले, पण नाव काही सुटलं नाही.

जुने सर्व्हर जाऊन नवे यायचे होते, म्हणून मोजदाद चालू होती. एकेका सर्व्हरच्या पोटात कितीतरी आभासी संगणक, नुसत्या सॉफ्टवेअरचे, नांदतात. कुणी औषधांचा साठा सांभाळतो, कुणी क्ष-किरणांची चित्रं. ते दिसतात, पण त्यांना पोटात घेऊन उभं असलेलं लोखंड कसलं, त्यात मेमरी किती, डिस्क किती, हे कुणाच्या ध्यानात नसतं. ते विचारायला धाकटीने एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली होती. स्क्रिप्ट एकेका सर्व्हरला हाक मारायची, तू कोण, तुझ्यात काय काय आहे, असं विचारायची आणि उत्तरं तक्त्यात मांडायची. आजवर ती पटावरच्यांचीच हजेरी घ्यायची. आज धाकटीने तिला बजावलं होतं, पट राहू दे, नेटवर्कच्या गल्लीतलं प्रत्येक दार वाजव.

आणि एका अनोळखी दारातून 'ओ' आली होती.

तिने अनुक्रमांक वाचला. शेवटची अक्षरं पुन्हा एकदा ताडून बघितली. तिने फोन उचलला.

"मास्तर, सापडलं."

"काय सापडलं?"

"ते. चौकशीतलं."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग मास्तर म्हणाले, "थट्टा करू नकोस गं."

"तुमची शप्पथ."

"कुठे आहे?"

"ते त्यालाही माहीत नाही. मी आहे, एवढंच सांगतंय."

एका वर्षी संगणक खोलीवरची पाण्याची नळी फुटली होती. मास्तरांनी एकट्याने, मिळेल त्याला हाताशी धरून, यंत्रं उचलून जागा मिळेल तिथे नेली आणि इस्पितळ चालू ठेवलं. दुसऱ्याच दिवशी ते तापाने आडवे झाले. ताप मेंदूत गेला. जीव वाचला, पण तो आठवडा पाटीवरून पुसावा तसा पुसला गेला. बरे होऊन आले तेव्हा एक सर्व्हर कमी भरत होता. चौकशी बसली, पटावरून त्याचं नाव कमी झालं. पुरावा नव्हता म्हणून नोकरी राहिली, पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? 'विकला असेल' हे कुणी मोठ्याने म्हटलं नाही, म्हणूनच ते कधी खोडताही आलं नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे पुढेपुढे मास्तरांचाच स्वतःवरचा भरवसा उडाला. एकदा चहा पिताना ते धाकटीला म्हणाले होते, "आठवतच नाही म्हटल्यावर, मी नाहीच केलं, असं तरी कुठल्या तोंडाने सांगू?"

तासाभरात ते रिक्षातून उतरले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात काठी.

"माग काढला, त्याची केबल जुन्या इमारतीच्या तळघराकडे जातेय," धाकटी म्हणाली. "आणि मी त्याला दिवा लावायला सांगितलंय. या सर्व्हरना ओळख पटवायला एक निळा दिवा असतो ना, तो लुकलुकत असेल."

"मलाच शिकवतेस होय?" मास्तर म्हणाले. पण आवाजात धार नव्हती.

जुन्या इमारतीत आता फक्त धुलाईघर उरलं होतं. तळघराच्या बोळात साबणाचा वास आणि कोमट वाफ दाटली होती. दोघं पाय न वाजवता चालत राहिली, झोपलेल्या घरात शिरल्यासारखी. बोळाच्या टोकाशी फळ्यांची भिंत होती. फळ्यांच्या फटींतून निळा उजेड येत होता, जात होता.

मास्तर थांबले. "इथे चादरींची खोली होती," ते हळूच म्हणाले. "कोरडी होती. म्हणून इथे आणलं. धुलाईघराची वीज कधी जात नाही, म्हणून..." त्यांचे डोळे त्या उजेडावर खिळले होते. "धाकटे, मला आठवतंय गं."

धुलाईवाल्याने चार फळ्या उचकटल्या. नंतर कुणीतरी डागडुजी करताना आत न डोकावताच खोली बुजवली होती. आत चादरींच्या रिकाम्या मांडणीवर सर्व्हर होता. त्याच्यावर धूळ साचून मऊ झाली होती आणि तो अजून कोमट होता. त्याच्या पोटात एकच आभासी संगणक उरला होता. इस्पितळातली बाकीची यंत्रं ज्याला वेळ विचारत, तो. इतकी वर्षं सगळे त्याला विचारत होते आणि तो सांगत होता.

मास्तरांनी त्याच्यावर हात ठेवला, ताप बघावा तसा.

"मी आत्ता वर जाऊन मोठ्या साहेबांना सांगते," धाकटी म्हणाली. "सगळ्यांना कळू दे."

"कोण सगळे? बोलणारे गेले. आताच्यांना मी कोण हेही ठाऊक नाही." त्यांनी चष्मा पुसला. "हिला बोलाव."

काकू आल्या त्या घरच्याच चपलांवर. त्या फळ्यांमधून आत शिरल्या, मांडणीसमोर उभ्या राहिल्या आणि बघतच राहिल्या.

"एवढंसंच?" त्या म्हणाल्या. "मला वाटायचं, कपाटाएवढं असेल."

मास्तर खाली बघत म्हणाले, "तू कधी विचारलं नाहीस मला."

"विचारून काय करू? तुम्ही म्हणाला असता, माहीत नाही. मग मी झोपले कशी असते?"

काकूंनी पर्समधून रुमाल काढला आणि त्या यंत्रावरची धूळ पुसू लागल्या, कडेकडेने, खाचाखाचांतून. धाकटीला सांगायचं होतं, काकू, राहू द्या, उद्या हे भंगारातच जाणार आहे. रुमाल काळा झाला तशी काकूंनी तो उलटा केला आणि राहिलेली बाजूही पुसली.

"चला," त्या म्हणाल्या. "उशीर झालाय."

धाकटी सर्व्हरपाशीच थांबली. वेळ सांगणाऱ्याला वर नव्या घरात हलवायचं होतं. बोळातून तिला जिना दिसत होता. मधल्या पायरीवर मास्तरांना धाप लागली. काकू एक पायरी वर थांबल्या आणि मागे वळून न बघता त्यांनी हात मागे केला.